फोटो पण, व्हिडिओ पण... मग कॅमेरा कोणता?

पहिला कॅमेरा घ्यायचाय? मॉडेलचं नाव विचारण्याआधी जरा थांबा. आईच्या भिशीतून घेतलेल्या कॅमेऱ्यानं मला जे शिकवलं, ते तुम्हाला फुकटात सांगते.

"अगं, आजीचा उखाणा ऐकूच येत नाहीये."

साखरपुड्याचा व्हिडिओ पेन ड्राइव्हमधून दिला आणि दुसऱ्याच दिवशी काकूंचा फोन आला. शेजारच्या ताईचा साखरपुडा. माझं आयुष्यातलं पहिलं पैसे मिळणारं काम. मी तेव्हा एसवायला होते. आईनं तिची भिशी लागली त्यातले साठ हजार माझ्या हातात ठेवले होते. "कॅमेरा घे, पण नीट बघून घे," एवढंच म्हणाली होती. मी काय बघितलं? दुकानाच्या काचेत लावलेली ऑफर. डीएसएलआर, किट लेन्स, वर बॅग आणि मेमरी कार्ड फ्री, बेचाळीस हजार. नाव मोठं होतं, फोटो झक्कास येत होते. झालं, घेऊन टाकला.

साखरपुड्यात फोटो खरंच छान आले. व्हिडिओची मात्र पूर्ण वाट लागली. ऐंशीच्या घरातल्या आजीनं हौसेनं लांबलचक उखाणा घेतला. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो तो फक्त कूलर. चेहऱ्यावरचा फोकस सारखा मागेपुढे होत होता आणि मंडपातल्या ट्यूबलाइटमुळे अख्ख्या चित्रावर काळ्या पट्ट्या सरकत होत्या. बाहेरचा माइक लावावा म्हणून नंतर कॅमेऱ्याच्या चारही बाजू तपासल्या, तर माइक लावायला जागाच नाही! इतके दिवस वापरत होते आणि मला हे माहीतच नव्हतं.

मी काकूंचे पैसे परत केले. उखाणा कुठून परत आणणार?

म्हणून हा लेख. कारण कॉलेजात दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, "मला फोटो पण करायचेत आणि व्हिडिओ पण, कोणता कॅमेरा घेऊ?" आणि समोरचा लगेच स्वतःकडं आहे त्याच मॉडेलचं नाव सांगून मोकळा होतो.

एक डबा, दोन कामं

एकाच कॅमेऱ्यानं दोन्ही करायचं ही सवय तशी अलीकडची आहे. २००८ साली निकॉनचा डी९० आला, व्हिडिओ करू शकणारा पहिला डीएसएलआर. त्याच वर्षी कॅननचा ५डी मार्क टू आला आणि मोठ्या सेन्सरवर फुल एचडी व्हिडिओ मिळायला लागला. सिनेमासारखी धूसर पार्श्वभूमी एकदम फोटोग्राफरच्या हातात आली. राम गोपाल वर्मांनी २०११ मध्ये 'डोंगला मुठा' हा अख्खा तेलुगू सिनेमा पाच दिवसांत कॅननच्या ५डीवर शूट केला. शॉर्टफिल्मवाल्या पोरांच्या हातात कॅमेरा आला तो याच लाटेत.

डबा एक असला तरी दोन्ही कामांच्या मागण्या वेगळ्या असतात. फोटो म्हणजे एक क्षण. कबड्डीत रेडरनं उडी मारली, क्लिक, संपलं. तिथं चांगला व्ह्यूफाइंडर लागतो, पटकन धरणारा फोकस लागतो, फ्लॅश लागतो, रॉ फाइल लागते. व्हिडिओ म्हणजे सलग वीस मिनिटं न चुकता चालणं. तिथं माइकचं भोक लागतं, आवाज तपासायला हेडफोनचं भोक लागतं, हलत्या माणसावर चिकटून राहणारा ऑटोफोकस लागतो, कॅमेरा तापून बंद पडता कामा नये.

मेगापिक्सेलचं वेड मात्र डोक्यातून काढून टाका. फोरके व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे साधारण ८३ लाख पिक्सेल. फुल एचडीची तर जेमतेम २० लाख. आजचा साधा कॅमेराही २० ते २४ मेगापिक्सेलचा असतो. तेवढ्यात फोरके व्हिडिओही होतो आणि अल्बमचा मोठा प्रिंटही निघतो. आकडा मोठा म्हणून कॅमेरा मोठा, असं काही नसतं.

आणि एक प्रामाणिक प्रश्न आधी स्वतःला विचारा. तुम्हाला फक्त रील्स करायच्यात का? मग खिशातला मोबाइल पुरेसा आहे. त्या पैशात चांगला माइक आणि एक लाइट घ्या, फरक लगेच दिसेल. कॅमेरा तेव्हा घ्या, जेव्हा मोबाइल अडवायला लागेल. कमी उजेडात, लांबून, किंवा पार्श्वभूमी खरोखर धूसर हवी असेल तेव्हा.

आधी घराणं बघा, मग स्थळ

पैसे परत केल्यावर मी सांगलीतल्या आमच्या स्टुडिओवाल्या काकांकडं गेले. रोलच्या जमान्यापासून त्यांचा स्टुडिओ आहे. त्यांनी माझा कॅमेरा हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "पोरी, तुझ्या ओळखीत कुणाकुणाकडं कुठल्या लेन्स आहेत?"

"काका, मी कॅमेऱ्याबद्दल विचारतेय."

"मी पण कॅमेऱ्याबद्दलच सांगतोय. बॉडी चार-पाच वर्षांनी बदलशील. काचा पंधरा वर्षं राहतात."

तेव्हा कुठं माउंट हा प्रकार नीट समजला. लेन्स कॅमेऱ्याला जिथं बसते ती कडी म्हणजे माउंट. प्रत्येक कंपनीची वेगळी. आज बाजारात सोनीचं ई, कॅननचं आरएफ, निकॉनचं झेड, फुजीफिल्मचं एक्स, पॅनासोनिक-लायका-सिग्मा यांचं एकत्रित एल, आणि छोट्या सेन्सरचं मायक्रो फोर थर्ड्स ही मुख्य घराणी आहेत. तुम्ही एका घरात लग्न करून गेलात की लेन्स, अडॅप्टर, सगळा संसार त्याच घरचा होतो. मध्येच घर बदलायचं तर सगळं विकून घाट्यात जावं लागतं.

म्हणून घराण्याबद्दल तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, लेन्स किती आणि कितीला. सोनीनं २०११ मध्येच ई माउंटची मूलभूत माहिती इतर कंपन्यांसाठी खुली केली. त्यामुळं सिग्मा, टॅमरॉन अशा कंपन्यांच्या लेन्स तिथं भरपूर आहेत आणि सेकंडहँडही सहज सापडतात. कॅननचं आरएफ २०१८ मध्ये आलं, पण बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्सना बराच काळ दार बंदच होतं. २०२४ मध्ये सिग्माच्या छोट्या सेन्सरसाठीच्या लेन्स आल्या आणि दार किलकिलं झालं. त्या बदल्यात कॅननची एक मोठी सोय आहे. जुन्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. गावोगावच्या स्टुडिओंमध्ये या लेन्स पडून आहेत, त्यामुळं आपल्याकडं ही गोष्ट बारीक नाही. निकॉनचंही अडॅप्टर आहे, फक्त ज्या जुन्या लेन्सना फोकससाठी बॉडीतली मोटर लागते, त्या तिथं हातानंच फोकस कराव्या लागतात.

दुसरी, घराणं टिकणार का. सॅमसंगचं एनएक्स बंद पडलं, निकॉन १ बंद पडलं, कॅननचं ईएफ-एम २०२३ मध्ये संपलं. असे कॅमेरे सेकंडहँड बाजारात फार स्वस्त दिसतात. स्वस्त का दिसतात, ते आता तुम्हाला कळलं.

तिसरी, आणि कॉलेजच्या पोरांसाठी सगळ्यात महत्त्वाची. मित्रांकडं काय आहे? ग्रुपमध्ये तिघांकडं एकाच माउंटचे कॅमेरे असतील तर तिघांच्या मिळून सहा लेन्स होतात. फिरोदिया करंडकाला टीमचा व्हिडिओ करायचा असेल तर दोन कॅमेऱ्यांचे रंगही बऱ्यापैकी जुळतात. चौथ्यानं हट्टानं वेगळी कंपनी घेतली की तो एकटा पडतो.

सेन्सर केवढा?

फुल फ्रेम, एपीएस-सी, मायक्रो फोर थर्ड्स. हे उतरत्या क्रमानं सेन्सरचे आकार. सेन्सर छोटा झाला की चित्र आत कापलं जातं. सोनी, निकॉन आणि फुजीच्या एपीएस-सीवर ५० एमएमची लेन्स ७५सारखी दिसते, कॅननवर ८०सारखी, मायक्रो फोर थर्ड्सवर १००सारखी. म्हणून हॉस्टेलच्या छोट्या खोलीत शॉर्टफिल्म करताना ५० एमएम लावून तुम्ही भिंतीला टेकता, तरी फ्रेममध्ये दोन माणसं मावत नाहीत.

फुल फ्रेमला कमी उजेडात फायदा मिळतो हे खरं. पण बॉडी महाग, लेन्स महाग आणि जड. विद्यार्थ्यासाठी एपीएस-सी हा मधला रस्ता मला योग्य वाटतो. अंधारासाठी एक एफ १.८ ची फिक्स लेन्स घ्यायची. किट लेन्स झूम केली की एफ ५.६ किंवा ६.३ वर जाते. एफ १.८ ची लेन्स ५.६ च्या जवळपास दहापट उजेड आत घेते. हॉलमधल्या नाटकाचे फोटो काढताना हा फरक डोळ्यांनी दिसतो.

त्या काळ्या पट्ट्यांचं रहस्य

माझ्या व्हिडिओतल्या पट्ट्यांना कॅमेरा जबाबदार नव्हता. मीच जबाबदार होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळं ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण झुळका पकडल्या जातात आणि पट्ट्या येत नाहीत. मी इंटरनेटवरचा अमेरिकेतला व्हिडिओ बघून १/६० ठेवलं होतं. तिकडची वीज ६० हर्ट्झची!

उपाय फुकट आहे. मेनूमध्ये जाऊन एनटीएससीऐवजी पाल निवडा, २५ फ्रेम ठेवा, शटर १/५०. फ्रेमच्या दुप्पट शटर हा व्हिडिओचा जुना नियमही त्यात आपोआप पाळला जातो आणि हालचाल नैसर्गिक दिसते. स्वस्तातले एलईडी मात्र कधीकधी तरीही त्रास देतात, म्हणून कार्यक्रमाआधी हॉलमध्ये जाऊन दहा सेकंदांची क्लिप काढून बघायची.

यातच फोटो आणि व्हिडिओचं भांडण दिसतं. कबड्डीच्या फोटोला १/१००० शटर हवं, त्याच मैदानावर व्हिडिओला १/५०. भर उन्हात १/५० ठेवलं की चित्र पांढरंफटक पडतं. मग लेन्सपुढं एनडी फिल्टर लावायचा, म्हणजे कॅमेऱ्याला गॉगल. आणि कॅमेरा असा बघायचा, की फोटो आणि व्हिडिओची सेटिंग्ज वेगवेगळी लक्षात ठेवेल आणि एका बटणावर बदलेल. दोन्ही कामं करणाऱ्याला ही छोटी सोय दिवसातून पन्नास वेळा लागते.

जाहिरातीत न सांगितलेल्या गोष्टी

मोठ्या अक्षरात '४के' लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात बरंच काही असतं. काही कॅमेरे फोरके करताना चित्र आणखी कापतात. काही जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग थांबवतात. युरोपातल्या जकातीच्या नियमामुळं पडलेली ही प्रथा. कीर्तन, गॅदरिंग, नाटक असं सलग शूट करणार असाल तर हे आधी विचारा.

हाताचं थरथरणं सावरणारी यंत्रणा कधी बॉडीत असते, कधी फक्त लेन्समध्ये, कधी कुठंच नसते. सोनी झेडव्ही-ई१०, कॅनन आर५०, निकॉन झेड३० हे पहिल्या पायरीवरचे कॅमेरे घ्या. तिघांतही बॉडीमधली स्थिरता नाही. माइक तिघांना लागतो, पण हेडफोन फक्त झेडव्ही-ई१० ला. व्ह्यूफाइंडर फक्त आर५० ला. उन्हात फोटो काढणाऱ्याला व्ह्यूफाइंडर लागतो, मुलाखती घेणाऱ्याला हेडफोन. म्हणजे याच तिघांत दोन जणांची निवड वेगळी होईल आणि दोघंही बरोबर असतील. वरच्या पायरीवर, सोनी ए६७०० किंवा फुजीफिल्म एक्स-एस२० मध्ये, हे सगळं एकत्र मिळतं. किंमतही त्याच हिशोबात वर जाते.

काही व्हिडिओवाल्या कॅमेऱ्यांत मेकॅनिकल शटरच नसतं. तिथं फ्लॅशचा नीट उपयोग होत नाही. लग्नाचे फोटो करणार असाल तर हे नक्की तपासा.

मग येतं १०-बिट आणि लॉग. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १०-बिटमध्ये १०२४. नंतर रंग बदलायचे असतील तर १०-बिट फार कामाला येतं. पण थांबा, तुमचा लॅपटॉप कोणता आहे? १०-बिटच्या फाइल्स जुन्या लॅपटॉपवर टाकल्या की पंखा हेलिकॉप्टरसारखा फिरतो आणि टाइमलाइन जागची हलत नाही. कॅमेऱ्यासोबत लॅपटॉपचाही खर्च आला तर बजेट कोसळतं. ८-बिटमध्ये रंग शूट करतानाच नीट ठेवून सुंदर काम करणारे कितीतरी जण आहेत.

साठवणुकीचा हिशोबही करा. १०० एमबीपीएसनं फोरके शूट केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. चार तासांचा कार्यक्रम म्हणजे १८० जीबी, आणि त्याची दुसरी कॉपी वेगळी. कार्डवर व्ही३० लिहिलेलं असेल तर ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणार हे ठरलेलं. या कामाला तेवढं पुरतं.

सेकंडहँड घेताना

मुंबईत फोर्टमधली बोरा बाजारची गल्ली असो की गावातल्या स्टुडिओचा जुना माल, सेकंडहँडला लाजायचं कारण नाही. फक्त एक गंमत लक्षात ठेवा. सगळे विचारतात, "शटर काउंट किती?" पण शटर काउंट फोटोंचा असतो. दोन वर्षं रोज आठ तास व्हिडिओला राबलेल्या कॅमेऱ्याचा काउंटही अगदी कमी दिसू शकतो. म्हणून आधीचा मालक काय काम करायचा, ते विचारा. माइकचं आणि एचडीएमआयचं भोक सैल झालंय का बघा. वीस मिनिटं सलग रेकॉर्डिंग लावून गप्पा मारत बसा.

लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा रोग हमखास. लेन्स कॅप लावून एक फोटो काढा, काळ्यावर रंगीत ठिपके दिसले तर सेन्सरचे पिक्सेल गेलेत. आणि बिलावरचा सिरीयल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानात जाताना हे खिशात ठेवा

* माझं काम फोटो किती आणि व्हिडिओ किती? सत्तर-तीस? तीस-सत्तर?
* माइकचं भोक आहे का? हेडफोनचं?
* फोरके करताना चित्र कापलं जातं का? सलग किती वेळ चालतं?
* चेहऱ्यावरचा फोकस व्हिडिओतही टिकतो का? स्वतः दुकानात चालून बघा.
* याच माउंटची एफ १.८ ची लेन्स कितीला पडते?
* मित्रांकडं कोणतं माउंट आहे?
* भारतातली वॉरंटी आहे का, पक्कं बिल मिळेल का?
* एकूण बजेटच्या साधारण साठ-पासष्ट टक्क्यांत बॉडी आणि किट लेन्स बसते का? उरलेल्यात फिक्स लेन्स, माइक, कार्ड, दोन जादा बॅटऱ्या आणि हवाबंद डबा.

आधी भाड्यानं

काकांचा शेवटचा सल्ला होता, "घेण्याआधी एकदा भाड्यानं आण आणि त्यावर एक अख्खं काम कर."

दादासाहेब फाळके मुळात फोटोग्राफरच. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण लगेच 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला नाही. कुंडीत वाटाणे पेरले आणि रोपाची वाढ थोडी थोडी टिपत छोटी फिल्म केली. ती पाहून पैसे लावणारे तयार झाले. एवढ्या मोठ्या माणसानं आधी कुंडीवर हात बसवला, आपण काय!

मग मीही कुंडी शोधली. ताईचं लग्न तीन महिन्यांनी होतं. लग्नाचं काम अर्थातच दुसऱ्याला दिलेलं होतं. मी काकूंना म्हटलं, "हळदीला मी येऊ का? पैसे नकोत." काकू दोन मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ये. पण कूलर तूच बंद कर."

ओळखपत्र आणि डिपॉझिट ठेवून एका दिवसासाठी मिररलेस कॅमेरा आणला, एफ १.८ ची लेन्स आणि कॉलर माइक आणला. पाल, २५ फ्रेम, १/५०. हेडफोन कानात. आजीच्या पदराला माइक लावला आणि विचारलं, "आजी, तो उखाणा परत घ्याल का?"

"एकदा घेतलेला परत नाय घेत मी," आजी म्हणाल्या. माझं तोंड पडलं. त्यांनी जरा वेळ माझ्याकडं बघितलं आणि नवाच घेतला, आधीच्यापेक्षा लांब. या वेळी एकेक शब्द माझ्या कानात आला.

पुढच्या महिन्यात जुना कॅमेरा २६ हजारांना विकला, म्हणजे १६ हजारांचा धडा. भिशीतले उरलेले १८ हजार आणि वर्षभरात छोट्या कामांतून साठवलेले २१ हजार त्यात टाकले. ६५ हजारांत सेकंडहँड बॉडी, किट लेन्स, एक फिक्स लेन्स, माइक, कार्ड आणि दोन बॅटऱ्या बसल्या. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. माझ्या दोन मैत्रिणींकडं जे माउंट होतं, तेच मी घेतलं. तुमच्या मैत्रिणींकडं वेगळं असेल.

आईला तो उखाणा दाखवला. तिनं दोनदा ऐकला आणि मग विचारलं, "आता भिशीचे पैसे कधी देतेस?"

पहिले दोन हजार दिलेत. बाकीचे लग्नसराईत.